नीरेच्या काठी चढणीचे मासे

खंडाळा म्हटले की आपल्याकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे एकदम बोरघाट उभा राहतो. बोगदे, धुके, धबधबे आणि परतताना लोणावळ्याची चिक्की! मी खंडाळ्याला निघालो आहे असे नुसते म्हणताच शेजारच्या काकूंनी अर्धा किलो चिक्कीची फर्माइश केलीसुद्धा. त्यांना समजावून सांगता सांगता माझी पुरेवाट झाली. कारण माझा खंडाळा वेगळा होता. तो सातारा जिल्ह्यातला. तिथे हवा खायला कुणी जात नाही, चिक्कीसाठी कुणी उतरत नाही आणि त्याच्यावर कुणी गाणे रचल्याचेही ऐकिवात नाही.

पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्याला लागले की सारोळ्याच्या पुढे नीरा नदीचा पूल लागतो. पूल ओलांडला की पुणे जिल्हा संपला. पलीकडे शिरवळ, त्याच्या पुढे खंडाळा आणि खंडाळ्याच्या डोक्यावर खंबाटकीचा घाट. एस.टी.तला प्रवासी इथे घाट चढण्यापूर्वी एक डुलकी काढून घेतो, यापलीकडे या गावाशी त्याचा संबंध येत नाही. तालुका मात्र मोठ्या भाग्याचा. सावित्रीबाई फुले यांचा जन्म 3 जानेवारी 1831 रोजी झाला, तो याच तालुक्यातल्या नायगावात. शिरवळचा सुभानमंगळ शिवकालाच्या इतिहासात वाचलेला असतो. आणि तालुक्याच्या उत्तर अंगाने, जिल्ह्याची शीवच होऊन, नीरा वाहते.

या नदीची एक मौज आहे. खंडाळ्याचा मुलूख तसा कमी पावसाचा. ज्येष्ठ संपत आला तरी माळावर धूळच उडत असते. पण पश्चिमेला भोरच्या डोंगरात पाऊस कोसळतो, आणि इथे आभाळ कोरडे असताना नदीला तांबडे पाणी येते. माणसाला पावसाची बातमी रेडिओवरून कळते. नीरेच्या माशांना ती पाण्याच्या रंगावरून, गारव्यावरून आणि ओढीवरून कळते. ही बातमी लागली की मासे उलटे फिरतात आणि प्रवाहाच्या विरुद्ध वर वर चढू लागतात. आपल्याकडे त्यांना चढणीचे मासे म्हणतात. ते पाहण्यासाठीच मी निघालो होतो.

मी गेलो तेव्हा माउलींची पालखी नुकतीच पुढे सरकली होती. दर वर्षी याच दिवसांत ज्ञानेश्वर महाराजांच्या पादुकांना नीरेचे स्नान घडते आणि पालखी सातारा जिल्ह्यात शिरून लोणंदला येते. रस्त्याच्या कडेला वाऱ्यावर उडणाऱ्या पत्रावळी, चिखलात उमटलेली हजारो पावले, अशा खुणा अजून ताज्या होत्या. मला वाटले, एकाच वेळी इथे दोन वाऱ्या चालतात. माणसांची वारी खाली पंढरपुराकडे, आणि माशांची वारी वर सह्याद्रीकडे. पहिलीच्या वाटेवर गावोगाव लोक भाकरी घेऊन उभे असतात. दुसरीच्या वाटेवर बुट्टी घेऊन.

शिरवळ-लोणंद रस्त्यावरून आत वळून मी वीर धरणाच्या फुगवट्याच्या काठी गेलो. एक ओढा तिथे धरणाच्या पाण्याला मिळतो. आदल्या रात्री वरच्या अंगाला पाऊस झाला असावा. ओढा गढूळ आणि जोरात होता. एका लहानशा बंधाऱ्याखाली दहा-बारा पोरे गुडघाभर पाण्यात उभी होती. कुणाच्या हातात बुट्टी, कुणाकडे जुनी मच्छरदाणी, दोघांनी तर आईचे लुगडे दोन्ही टोकांना धरून ताणले होते. मासे बंधाऱ्यावर उड्या घेत आणि निम्मे त्या लुगड्यात पडत. पोरांचा आरडाओरडा असा की जणू जत्राच.

काठावर बाभळीखाली एक म्हातारे भोईबाबा जाळे सांधत बसले होते. मी जवळ जाऊन बसलो.

"बाबा, तुमचं जाळं कोरडं कसं?"

"बंद हाय न्हवं. सोसायटीनं दोन म्हैनं जाळं टाकू नगा म्हनून सांगितलंय. अंडी घालायचं दिस हैत."

"आणि ही पोरं?"

बाबा हसले. "जाळं टाकलं तर सायब इचारतो. बुट्टीला कोन इचारतंय?"

एका पोराने आपली शिकार दाखवायला आणली. वीतभर लांबीची शिंगटी होती. पोट टम्म फुगलेले. बाबांनी ती हातात घेतली, पोटावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "पोटुशी हाय. आवं, ही म्हायेराला निघालीय बाळंतपनाला. वाटंत गाठून मारली तर पुढच्या साली ह्यो वढा मुका." पोराने मासा घेतला आणि धूम ठोकली. गाभोळीच्या माशाला दोन पैसे जास्त येतात, हे त्याला ठाऊक होते.

बाबांच्या बोलण्यात बंदीचे सगळे शास्त्र आले. मासेमारी वर्षातले दोन महिने थांबवून काय साधते, असे पुष्कळ जण विचारतात. बारा महिन्यांतले दहा महिने मारायचेच, तर दोन महिन्यांची दया कशाला? याचे उत्तर माशाच्या स्वभावात आहे. एरवी मासा सगळ्या पाण्यात पसरलेला असतो. अंडी घालण्याच्या दिवसांत तो एकत्र येतो, ठरलेल्या वेळी येतो आणि अरुंद वाटेने येतो. ओढ्याच्या तोंडाशी लावलेले एक जाळे त्या दोन रात्रींत जे ओढील, ते एरवी दोन महिन्यांत मिळायचे नाही. आणि ते सगळे अंड्यांनी भरलेले! एक किलो वजनाच्या रोहू मादीच्या पोटात दोन लाखांच्या आसपास अंडी असतात. त्यांतली बहुतेक पुढे वाया जातात हे खरे. कुणी बेडूक खातो, कुणी दुसरा मासा, काही चिखलात गुदमरतात. एवढ्या लाखांतून दोन पिले जगून मोठी झाली तरी आईबापांची जागा भरून निघते. पण लाखांतून दोन जगायची तर आधी लाख पाण्यात पडली पाहिजेत.

हे आपल्याकडे फार पूर्वी कुणाच्या ध्यानात आले नव्हते असे नाही. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने राज्याभिषेकाच्या सव्विसाव्या वर्षी जो स्तंभलेख कोरवला, त्यात चातुर्मासाच्या पौर्णिमांना आणि त्यांच्या अलीकडच्या-पलीकडच्या दिवशी मासे मारू नयेत, विकूही नयेत, अशी आज्ञा आहे. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक सुंदरलाल होरा यांनी या लेखाकडे मत्स्यशास्त्राच्या दृष्टीने अभ्यासकांचे लक्ष वेधले. मारण्याबरोबर विकण्यालाही बंदी, हा त्यातला मोठा शहाणपणा. आज एखादा अधिकारी ओढ्या-ओढ्याला पहारा ठेवू शकणार नाही. पण आठवड्याच्या बाजारात गाभोळी दिसली की विचारणा करणे काही अवघड नाही.

आपल्या रूढींत मात्र इथे एक गंमत झाली आहे. कोकणातला कोळी नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहतो आणि मगच होडी लोटतो. म्हणजे जून-जुलै दर्या आपोआप मोकळा राहतो. आजचा कायदाही त्याच सुमाराला येऊन बसला आहे. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमनाचा कायदा 1981 चा. आणि पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक नौकांना बंदी असते. देशावर आपण श्रावण पाळतो. श्रावणात मासा नाही, मटण नाही. फार चांगले! पण नीरेसारख्या नदीतला मासा चढतो तो मृगाच्या आणि आर्द्राच्या पाण्याला, म्हणजे ज्येष्ठ-आषाढात. आणि आषाढात आपण काय करतो? श्रावण लागणार म्हणून आखाड घालतो! वर्षात मासा जपायचा नेमका जो महिना, तोच आपण खाण्यासाठी निवडला; आणि मासा अंडी घालून मोकळा झाला की आपण सोवळे नेसून बसलो. देशावरचा श्रावण आत्म्याला पोचत असेल, पण माशाला तो उशिरा पोचतो.

इंग्रजांनी 1897 साली मासेमारीचा कायदा केला. सुरुंग लावून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणे हा त्याने गुन्हा ठरवला, आणि एखाद्या ठरावीक पाण्यात दोन वर्षांपर्यंत सर्व मासेमारी बंद ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला. पुढे 1960 साली महाराष्ट्राने आपला मत्स्यव्यवसायाचा कायदा केला. तेव्हा कायद्याची उणीव नाही. प्रश्न असा की दोन महिने जाळी कोरडी ठेवली म्हणजे मासा वाचतो का?

या प्रश्नाचा पडताळा मोठ्या प्रमाणावर चीनमध्ये आला. यांगत्से नदीत 2003 पासून दर वसंतात तीन महिने बंदी घालण्यात आली. 2016 पासून ती चार महिन्यांची झाली. तरी मासे घटतच गेले. चार महिन्यांत जे मोठे होई, ते बंदी उठताच पुढच्या काही दिवसांत उपसले जाई. शेवटी 1 जानेवारी 2021 पासून तिथे सलग दहा वर्षांची बंदी लागू झाली, आणि दोन लाखांहून अधिक मच्छीमारांना दुसरा धंदा शोधावा लागला. उलट उदाहरण बांगलादेशाचे. तिथे हिलसा मासा आश्विनातल्या पौर्णिमेच्या सुमाराला अंडी घालण्यासाठी समुद्रातून नद्यांत शिरतो. बरोबर तेवढेच दिवस, पुढे पुढे 22 दिवस, त्याला कुणी हात लावायचा नाही, असा नियम झाला. पण तेवढ्यावर भागवले नाही. हिलशाच्या पिलांनाही वेगळे संरक्षण दिले, त्यांच्या वाढीच्या जागा राखल्या आणि बंदीच्या काळात मच्छीमारांच्या घरी तांदूळ पोचवला. 2002-03 मध्ये तिथे हिलशाचे उत्पादन दोन लाख टनांच्या आत होते. 2017-18 मध्ये ते पाच लाख टनांच्या पुढे गेले. सगळे श्रेय एका बंदीला देता येणार नाही. पण बंदी, पिलू आणि पोट या तिन्हींचा विचार एकत्र झाला, एवढे खरे.

आता नीरेकडे या. इथे माशाच्या वाटेत आणखी एक गोष्ट उभी आहे, आणि ती दोन महिन्यांपुरती नाही. ती म्हणजे धरण. वर येळवंडीवर ब्रिटिश अमदानीतले भाटघर, नीरेवर देवघर आणि इथे वीर. या धरणांनी फलटण-बारामतीपर्यंत शेते हिरवी केली. त्याबद्दल त्यांना कुणी बोल लावणार नाही. पण माशाची बाजूही ऐकली पाहिजे. त्याला अंडी घालायला वाहते पाणी हवे, हळूहळू चढणारा पूर हवा, काठचा उथळ गवताळ भाग हवा. काही जातींना तळाचे स्वच्छ गोटे हवेत. पावसाळ्याच्या आरंभी धरण भरायचे म्हणून खाली पाणी सुटत नाही, आणि पूर यायचा तो येत नाही. धरण भरले की दरवाजे उघडतात आणि एका रात्रीत लोंढा येतो. दरवाजे मिटले की पाणी तितक्याच झटक्याने उतरते आणि काठावरची अंडी उन्हात वाळतात. खालून येणाऱ्या माशाला भिंत ओलांडता येत नाही. माशांना चढायला जिना ठेवण्याची रीत आपल्या धरणांत फारशी पडली नाही. तळाची वाळू उपसली जाते ती निराळीच. अशा नदीत जाळे दोन महिने कोरडे ठेवले, तर बाळंतिणीच्या वाटेवरचे चोर हटवले खरे, पण तिचे माहेरच मोडून टाकले, अशी अवस्था होते.

त्यातून धरणात कोण उरतो ते पाहण्यासारखे आहे. संध्याकाळी बाबांच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी बोटे मोडून सांगितले. पहिल्या बोटावर चिलापी! तिलापिया हा आफ्रिकेतला मासा 1952 साली भारतात आला. त्याला पूर लागत नाही, वाहते पाणी लागत नाही. मादी अंडी तोंडात घेऊन सांभाळते आणि उबदार साचलेल्या पाण्यात वर्षातून अनेकदा विते. दोन महिन्यांच्या बंदीचे त्याला सोयरसुतक नाही. मग कटला, रोहू, मृगळ. हे गंगेकडचे मासे. साचलेल्या पाण्यात ते सहसा वीत नाहीत, म्हणून त्यांचे बी दर वर्षी बाहेरून आणून सोडावे लागते. आधी जिरे, मग बीज, मग बोटुकली, अशी त्यांच्या पिलांची नावे आहेत. 1957 साली हिरालाल चौधरी यांनी ओरिसात माशाच्या मेंदूतल्या ग्रंथीचा अर्क टोचून या माशांना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावले, म्हणून आज हे बी मिळते. पावसाळ्यात सोडलेली ही बोटभर पिले बारीक आसाच्या जाळ्यात सापडू नयेत, एवढ्यापुरती बंदी त्यांच्याही उपयोगाची.

आणि मूळचे नीरेचे मासे? 1839 साली कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या नद्यांतल्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले. नावे देताना त्याने कित्येक ठिकाणी इथल्या भोयांच्याच तोंडचे शब्द उचलले आणि लॅटिनच्या शेपटीला बांधले. खुदरी, कोळस, मुरी, शिंगटी अशी आपली गावठी नावे जगभरच्या मत्स्यशास्त्राच्या पुस्तकांत आजही तशीच छापली जातात. मी ही नावे एकेक करून वाचली. शिंगटीला बाबांनी मान हलवली, मुरीला हलवली. कोळसाला म्हणाले, "कवातरी." खुदरी म्हणजे आपला महसीर. त्याचे वर्णन सांगितल्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत. मग दोन्ही हात पसरून म्हणाले, "माझ्या बापानं असला आनला हुता. म्या तवा बारका हुतो."

महसीर अंडी कमी घालतो, हप्त्याहप्त्याने घालतो आणि त्याला स्वच्छ वाहते पाणी लागते. म्हणून तो सगळ्यांत आधी जातो. 1970 च्या सुमारास महाराष्ट्राचे मत्स्यतज्ज्ञ डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी त्याची अंडी हाताने काढून ती उबवण्याचे तंत्र बसवले. कुठे म्हणाल? काकूंच्या चिक्कीच्या गावी, लोणावळ्याला! तिथल्या टाटांच्या तलावाकाठी पुढे महसीराचे बी तयार होऊ लागले. पण बी तयार करणे निराळे आणि नदी तयार करणे निराळे.

बाबांची सून चुलीपुढे बसून आमचे बोलणे ऐकत होती. ती मध्येच म्हणाली, "मामंजी समद्या जगाला सांगत्यात मासोळीचं बाळंतपन. आमच्या दोन म्हैन्यांच्या चुलीचं कोन सांगनार?" या दिवसांत ती दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. नवरा लोणंदच्या बाजारात कांद्याची पोती उचलतो. पाऊस पडला की रानातले काम बंद, आणि धरणातले तर बंदच. 2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत अशा मच्छीमारांसाठी तीन महिन्यांना 4500 रुपयांची तरतूद झाली. त्यांतले 1500 रुपये त्याने आधी स्वतः साठवायचे. हिशेब केला तर दिवसाला पन्नास रुपये पडतात, आणि त्यांत तिसरा हिस्सा त्याचाच. एवढ्यावर एक घर दोन वेळा जेवत नाही. माशाला जगवण्याचा खर्च ज्याच्या गाठी सगळ्यांत कमी पैसा त्याच्याकडून वसूल करायचा, आणि गाभोळी मात्र आपण आखाडाच्या ताटात वाढून घ्यायची, ही रीत बरी नव्हे. आणि भुकेलेला माणूस रात्री जाळे टाकतो. त्याला पकडून बंदी यशस्वी होत नाही.

तेव्हा बंदीने मासा वाचतो का, याचे उत्तर मला नीरेकाठी असे मिळाले. वाचतो, पण नुसत्या बंदीने नव्हे. जाळ्यांबरोबर बुट्टी आणि बाजारही थांबला पाहिजे. बंदी उठल्यावर बारीक आसाची जाळी पाण्यात येता कामा नयेत. 2023 साली राज्याने समुद्रातल्या 54 जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली, तसे काही नद्यांतही करता येईल. ज्या ओढ्यांतून मासा चढतो ते चार-दोन ओढे आणि एखादा डोह बारा महिने राखला पाहिजे. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड नावाचा डोह आहे. तिथे वरदायिनी देवीचे मासे म्हणून महसीर कुणी मारत नाही, आणि ते माणसाच्या हातून लाह्या-चुरमुरे खातात. तिथे पहारेकरी नाही, पावती नाही. धरणाच्या दरवाजांचे वेळापत्रक आखणाऱ्यांनी ज्येष्ठ-आषाढात थोडे पाणी सावकाश सोडून सावकाश उतरवले, तर ऊस काही सुकणार नाही. आणि दोन महिन्यांचे धान्य भोयाच्या घरी आधी पोचले पाहिजे, बंदीचा कागद मागून.

निघताना सूनबाईंनी माझ्या हातावर चहा ठेवला आणि विचारले, "पुन्यात तुमच्याकडं आखाड घालत्यात का?" मी म्हटले, घालतात. "मग त्यास्नी म्हनावं, आखाडात कोंबडी खावा. गाभोळीची मासोळी सोडा." बाबा खोकत हसले आणि पुन्हा जाळे सांधायला बसले. सुईतला दोरा त्यांना दिसत नव्हता. तो नातवाने ओवून दिला.